एटीव्हीच्या हँडलवरच्या स्विचमुळे फ्यूज उडतोय? स्विच बदलायच्या आधी वायर कुठे घासते ते बघा

दादा, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. पनवेलजवळ नेऱ्याच्या बाजूला फार्महाऊसवर १२५ सीसीच्या दोन एटीव्ही (चार जाड चाकांच्या, हँडलवाल्या उघड्या गाड्या) आहेत. पाऊस सुरू झाला की एकीचा मेन फ्यूज उडतो, त्यातही हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की हमखास. दुसरी चालता चालता मध्येच बंद पडते पण तिचा फ्यूज शाबूत असतो. डाव्या हाताचा स्विच बॉक्स दोनदा नवीन टाकून झाला, आणि आता मेकॅनिकने १५ च्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज घालून दिलाय की आता उडणार नाही म्हणून. तुम्हाला हवंय की हँडलवरच्या स्विचचा शॉर्ट कायमचा बंद व्हावा.

मी तुर्भ्याला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, २२ वर्षं झाली. स्कूटर-बाईक तर रोजच्याच, पण गेली सात-आठ वर्षं कर्जत, पनवेल, येऊर आणि अलिबागकडच्या एटीव्ही पण बऱ्याच येतात, आणि पावसाळ्यात त्यातल्या निम्म्यांची तक्रार हीच असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी तो ३० चा फ्यूज आजच्या आज काढा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. फ्यूज वायर वाचवायला असतो, गाडी चालू ठेवायला नाही. हँडलवर जाणाऱ्या वायरी बारीक असतात, अर्धा ते पाऊण स्क्वेअर एमएमच्या. आणि ब्लेड फ्यूज त्याच्यावर लिहिलेल्या आकड्याला उडत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आकड्याच्या १३५ टक्के करंट गेला तर उडायला त्याला पाऊण सेकंदापासून १० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे ३० च्या फ्यूजमधून ४० अँपिअर काही मिनिटं आरामात जाऊ शकतात, आणि तेवढ्या वेळात अर्ध्या एमएमच्या वायरचं पीव्हीसी वितळून शेजारच्या चार वायरींना चिकटलेलं असतं. वर पेट्रोलची टाकी, ती पण बहुतेक प्लॅस्टिकची. मी अशी एक मशीन बघितलीय जिचा पुढचा पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा गठ्ठा, एकच काळा गोळा झाला होता, आणि सुरुवात झाली होती हँडलखालच्या एका वायरीच्या दोन मिलिमीटर उघड्या जागेपासून. १५ चा परत टाका. उडत असेल तर उडू दे, तो त्याचं काम करतोय.

आता मुद्दा असा की एटीव्हीवर हँडलचाच शॉर्ट एवढा का होतो. एक तर हँडलचा पाईप लोखंडी, तो स्टिअरिंगच्या दांड्याला बोल्ट केलेला, दांडा फ्रेमला, आणि फ्रेम बॅटरीच्या मायनसला. म्हणजे तुम्ही ज्याला धरून बसता तो पाईपच अर्थ आहे. त्याला लागून चाललेली प्लसची वायर कुठेही सोलली गेली की सरळ शॉर्ट, मध्ये आणखी काही लागतच नाही. पावडर कोटिंग असतं तोवर ते वाचवतं, पण स्विच बॉक्सच्या कडेला आणि क्लॅम्पखाली ते सगळ्यात आधी जातं. दुसरं म्हणजे बाईकचं हँडल रस्त्यावर थोडं थोडं वळतं, एटीव्हीचं मात्र चिखलात, दगडांवर सतत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका राईडमध्ये शेकडो वेळा. तिसरं म्हणजे छोट्या मशीनवर लाईट, सेल्फ, किल (इंजिन बंद करायचा स्विच), कधी हॉर्न, सगळं डाव्या हाताच्या एकाच बॉक्समध्ये कोंबलेलं असतं, कारण उजव्या बाजूला अंगठ्याचा थ्रॉटल. इंचभर जागेत प्लस, अर्थ, सेल्फची वायर आणि किलची वायर एकमेकांच्या अंगावर.

त्यामुळे माझं सरळ मत सांगतो, दहातल्या सात-आठ मशीनमध्ये दोष स्विचचा नसतोच. वायर हलायला जागा नसते म्हणून ती घासते, आणि पाणी बाहेर जायला वाट नसते म्हणून ते आत साठतं. लोक करतात नेमकं उलटं, वायर आणखी घट्ट बांधतात आणि बॉक्स आणखी घट्ट बंद करतात. तुमचे दोन स्विच बॉक्स त्यातच गेले असणार.

तुमच्या दोन मशीनचे दोष वेगवेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नका. फ्यूज उडतो तिथे प्लसची वायर अर्थला लागतेय. फ्यूज न उडता इंजिन बंद पडतं तिथे किलची वायर अर्थला लागतेय. ह्या १२५ च्या मशीनची इंजिनं बहुतेक होंडाच्या जुन्या छोट्या इंजिनाच्या धर्तीवरची असतात आणि वायरचे रंगही बरेचदा होंडाचेच: हिरवी म्हणजे अर्थ, लाल बॅटरीचा प्लस, काळी म्हणजे चावीनंतरचा प्लस, काळ्यावर पांढरी रेघ म्हणजे किल, पिवळ्यावर लाल रेघ सेल्फची. बरेचदा म्हटलं, नेहमी नाही, म्हणून मीटर लावल्याशिवाय रंगावर विश्वास ठेवू नका, मध्येच कुणीतरी मिळेल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असतो.

ह्या मशीनवर सीडीआय, म्हणजे प्लगला स्पार्क देणारा डबा, जर एसी प्रकारचा असेल, म्हणजे स्पार्कचा करंट बॅटरीतून न येता मॅग्नेटच्या कॉइलमधून येत असेल, तर किल स्विच उलटा चालतो. कार किंवा पंपासारखं सर्किट तोडून तो इंजिन बंद करत नाही, तो किलची वायर अर्थला टेकवतो आणि स्पार्कचा करंट तिकडे पळवतो. त्यामुळे किलची वायर कुठेही सोलून हँडलला लागली की इंजिनला वाटतं तुम्ही बंद केलं. फ्यूजचा त्या सर्किटशी संबंधच नाही, मग तो उडेल कसा? आणि ह्या वायरवर १२ व्होल्ट नसतात, इंजिन चालू असताना शंभरच्या वर व्होल्ट असतात, रेस केली की अजून वाढतात, ओल्या हाताने पकडलीत तर चांगला झटका बसतो. एवढ्या व्होल्टेजमुळेच पावसाळ्यात वेगळाच त्रास होतो, स्विचमध्ये नुसता दमटपणा असला, जो १२ व्होल्टला काहीच करणार नाही, तरी किलचा करंट त्या ओलीतून थोडा थोडा गळतो आणि इंजिन मिसफायर मारतं. लोक कार्ब्युरेटर उघडतात, प्लग बदलतात, आणि दुपारी ऊन पडलं की गाडी आपोआप नीट, मग सगळे म्हणतात पेट्रोलमध्ये पाणी होतं.

तुमच्या दुसऱ्या मशीनसाठी टेस्ट सोपी आहे. आधी खात्री करा की चावीने इंजिन बंद होतं. मग हँडलच्या स्विचचा किलचा कपलर, म्हणजे वायरींचा काढता येणारा जोड, तेवढा काढा आणि सपाट मोकळ्या जागेत हळू चालवून बघा. चावी वेगळ्या वायरने तोच अर्थ देते त्यामुळे चावीने बंद होत राहील. कपलर काढल्यावर बंद पडायची थांबली तर दोष हँडलच्या बाजूला, शंभर टक्के. मग मीटर रेझिस्टन्सवर लावा, नुसता बझर नको, बझर गळती दाखवत नाही. काढलेल्या कपलरच्या हँडलकडच्या बाजूला एक टोक किलच्या वायरवर, एक फ्रेमवर, स्विच रनवर (इंजिन चालू ठेवायच्या जागी), आणि हँडल ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कोरड्यात आकडा यायलाच नको. फिरवताना मध्येच शून्य दाखवलं तर वायर घासलीय, स्थिर असताना काही किलोओहम दाखवत राहिला तर बॉक्समध्ये ओल किंवा मीठ आहे.

आणि एक कळकळीची विनंती, टेस्ट झाली की कपलर परत लावा. कपलर काढला की गाडी मस्त चालते म्हणून तो तसाच ठेवणारे मी खूप बघितलेत, खास करून राईडचा धंदा करणारे. किनाऱ्यावरच्या एका राईडवाल्याच्या तीन मशीन माझ्याकडे आल्या होत्या, तिन्हींची किलची वायर मुद्दाम कापलेली, आणि मागे लावायची, ओढली की इंजिन बंद करणारी दोरीवाली सेफ्टी क्लिप नुसती शोभेला लोंबकळत होती. त्यातल्या एका मशीनवरून एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा पडला, थ्रॉटलमध्ये वाळू अडकलेली, मशीन तशीच पुढे माणसं बसलेली होती तिकडे गेली. नशिबाने कुणाला जास्त लागलं नाही. त्या दिवसापासून मी किल जोडल्याशिवाय मशीन गॅरेजबाहेर सोडत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असू दे.

आता फ्यूज उडणाऱ्या मशीनकडे येऊ. दर वेळी नवीन फ्यूज घालून शोधत बसलात तर डबा संपेल. त्यापेक्षा इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी जोडा, आणि फ्यूज काढून त्या जागी हा बल्ब लावा. आता शॉर्ट असला तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, वायर जळायची भीती नाही. चावी ऑन, लाईट ऑफ. बल्ब विझलेला किंवा अगदी मंद असला तर ठीक, फटकन पूर्ण पेटला की समजा शॉर्ट झाला. मग हँडल हळू डावीकडे, हळू उजवीकडे, नंतर वायरचा गठ्ठा एका एका जागी बोटाने दाबत जा, ब्रेकचे लिव्हर दाबा, लाईटचा स्विच एक एक पोझिशनला टाका. जिथे हात लावल्यावर बल्ब पेटतो-विझतो तिथेच तुमचा दोष. येऊरच्या एका मशीनवर मालकाने दोन स्विच आणि एक रेक्टिफायर बदलला होता, ह्या बल्बने वीस मिनिटांत सापडलं, हेडलाईटच्या ब्रॅकेटच्या कडेला काळी वायर घासत होती, तांदळाच्या दाण्याएवढं तांबं उघडं होतं. तुमचं डावीकडे वळवल्यावर होतंय म्हणजे जवळजवळ नक्की असंच काहीतरी आहे, पुढचं प्लॅस्टिक काढा आणि स्टिअरिंगच्या दांड्याजवळ, स्टॉपरच्या लोखंडाजवळ आणि हेडलाईटच्या पत्र्याजवळ आधी बघा.

ब्रेकच्या लिव्हरखालचे बारके स्विच सगळे विसरतात, म्हणून वेगळं लिहितो. ते उघड्यावर असतात, त्यांच्या वायरी केसासारख्या, आणि बऱ्याच मशीनवर सेल्फचा करंट पण ब्रेक दाबल्यावरच मिळतो. मशीन एकदा उलटली की लिव्हर वाकतो आणि ती वायर चेपते. काही मशीनमध्ये सेल्फचं बटन प्लस न देता रिलेला (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) अर्थ देतं, तिथे तर सेल्फची वायर घासून हँडलला लागली म्हणजे बटन दाबल्यासारखंच, सेल्फ आपोआप फिरायला लागतो. असं कधी झालं तर पहिलं बॅटरीचं टर्मिनल काढा, बाकी विचार नंतर.

आता दुरुस्ती, आणि इथे जरा जास्त वेळ घालवा कारण खरं काम हेच आहे. वायर कशी न्यायची ते समजून घ्या. वायर हँडलवरून खाली येताना स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांबून आली तर हँडल वळवल्यावर ती ताणली जाते, मग सैल पडते, परत ताणली जाते, आणि एकाच जागी वाकून वाकून आतले तंतू तुटतात. तीच वायर दांड्याला समांतर, जितकी जवळ जाईल तितकी जवळून खाली नेली तर हँडल फिरताना ती ताणली न जाता नुसती पिळली जाते, आणि तो पीळ वीतभर लांबीत वाटला जातो. ह्याने वायरचं आयुष्य कित्येक पटीने वाढतं. एक क्लिप वर हँडलवर, एक क्लिप खाली फ्रेमवर, आणि मधल्या वीतभरात कुठेही केबल टाय नाही. सगळं बांधून झालं की दोन्ही लॉकला, म्हणजे पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे, हँडल नेऊन बघा वायर कुठे ताठ होते का, कुठल्या कडेला टेकते का. थ्रॉटलची केबल आणि ब्रेकचा पाईप पण वळताना हलतात, त्यांच्या मध्ये वायर चिमटीत सापडू देऊ नका.

केबल टाय करकचून आवळू नका. वायर आत थोडी सरकली पाहिजे इतपतच. टायखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, आणि उरलेलं टोक अगदी मुळाशी सपाट कापा, नाहीतर ते ब्लेडसारखं शेजारच्या वायरीला कापतं. नालीदार प्लॅस्टिकची चिरलेली स्लीव्ह फ्रेमवर चांगली, पण वळणाऱ्या भागात मी ती घालत नाही, तिच्यात वाळू आणि चिखल शिरतो, तो वाळला की पॉलिश पेपरसारखा आतून वायर घासतो. तिथे विणलेली जाळीची स्लीव्ह घाला, ती वळते पण आणि पाणी गाळून सोडते पण. दांड्याजवळ लोखंडाची धार असेल तर आधी कानशीने मोडा.

तुटलेली किंवा सोललेली वायर जोडताना नुसती पिळून काळी टेप मारू नका. इकडच्या उन्हात टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि चिकट राड्यात धूळ बसते. सोल्डरबद्दल पण सांगतो, सोल्डर चांगलाच, पण हलणाऱ्या जागी नको, कारण तो वितळून तंतूंमध्ये वर चढतो, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो आणि त्याच्या टोकाला वायर तुटते. जोड नेहमी न हलणाऱ्या भागात घ्या, नीट क्रिम्प करा (धातूची नळी पक्कडीने दाबून) आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी नळी, चढवा, गरम केल्यावर दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक काठ दिसला पाहिजे. आपल्याकडे साध्या दुकानात गोंदवाली मिळत नाही, मुंबईत लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला मिळते. शेजारी शेजारी चार वायरी जोडायच्या असतील तर चारही जोड एकाच रेषेत घेऊ नका, मागेपुढे घ्या, म्हणजे एखाद्याचं इन्सुलेशन गेलं तरी दोन जोड एकमेकांना लागणार नाहीत.

बॉक्स हँडलवर बसवताना बघा, आतून एक छोटी खुंटी असते आणि २२ मिलिमीटरच्या पाईपला तिच्यासाठी भोक असतं. नवीन स्विच टाकताना खुंटी भोकात बसली नाही म्हणून ती कापून टाकतात, मग बॉक्स धक्क्याने हँडलवर गोल फिरतो आणि वायर मुळातून पिळते. तुमचे दोन्ही बॉक्स असेच बसवले होते का ते नक्की बघा. दोन्ही अर्धे मिटवताना वायर खाचेतच आहेत ना ते टॉर्च मारून बघा, स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा, एकच स्क्रू पूर्ण आवळला की एका बाजूला वायर चेपते आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. प्लॅस्टिक आहे, जोर नको.

आता पाण्याचं. ठाणे-पनवेल पट्ट्यात जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात खाडीची दमट हवा, इथे बॉक्स पूर्ण वॉटरप्रूफ करू असं म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. कारण ऐका. मशीन उन्हात तापलेली, बॉक्समधली हवा गरम झालेली, आणि अचानक सर आली. आतली हवा गार होऊन आकसते आणि जिथे केसाएवढी फट असेल तिथून पाणी आत ओढते. बंद बॉक्स पाणी ओढतो, आणि एकदा ओढलं की सोडत नाही. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका गिऱ्हाईकाचा बॉक्स चारी बाजूंनी सिलिकॉन लावून बंद करून दिला होता, फार अभिमानाने. दीड महिन्याने परत आला, उघडला तर आत चमचाभर पाणी आणि सगळं तांबं हिरवंगार. पाण्याचा दोष अर्धाच होता, अर्धा त्या सिलिकॉनचा, कारण ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं आणि तांबं खातं. तेव्हापासून मी न्यूट्रल क्युअरचंच, म्हणजे ॲसिड न सोडणारं, घेतो, आणि ते पण फक्त आतल्या सोल्डरच्या जोडांवर आणि बॉक्सच्या वरच्या फटीला. खालची बाजू कायम मोकळी.

बॉक्सच्या सगळ्यात खालच्या बिंदूला बारीक भोक असतं, नसलं तर दोन-अडीच मिलिमीटरचं पाडा, पण आधी बॉक्स उघडून, आतली वायर बाजूला धरून. हे भोक चिखलाने बुजतं, आणि फार्महाऊसवर तर कुंभारीण माशी पण मातीने बुजवते, महिन्यातून एकदा काडी घालून मोकळं करा. हँडल वर-खाली फिरवून बसवलं असेल तर भोक खालीच येतंय ना ते बघा. वायर बॉक्समध्ये शिरताना वरून उतरत येत असेल तर पाणी तिच्यावरून ओघळत सरळ आत जातं, म्हणून बॉक्सच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून टपकून जाईल. कपलरच्या बाबतीत पण तेच, कपलरचं तोंड आकाशाकडे नको.

पावसाळ्याच्या आधी एकदा बॉक्स उघडून साफ करा. खाली पांढरं फडकं अंथरा, कारण आत एक इवलीशी स्टीलची गोळी आणि स्प्रिंग असते, ती उडाली की गवतात सापडत नाही आणि गोळीशिवाय स्विच एका जागी थांबत नाही. आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुना टूथब्रश, बस. पेट्रोलने प्लॅस्टिक चिरतं. पॉलिश पेपरने वरचं प्लेटिंग जातं आणि मग तो पॉइंट दुप्पट वेगाने काळा पडतो, फारच झालं तर खोडरबर घासा. गंज सोडवायचा स्प्रे मारून मोकळे होऊ नका, तो पाणी हाकलतो खरं पण मागे तेलाचा थर ठेवतो आणि त्यावर धूळ बसते.

डायइलेक्ट्रिक ग्रीसबद्दल बराच गोंधळ असतो. ती करंट वाहून नेत नाही, ती इन्सुलेटर आहे, तिचं काम पाण्याला जागा न ठेवणं एवढंच. कपलरमध्ये, रबरी सीलवर, पिनांच्या भोवती बिनधास्त लावा, पिन घट्ट बसली की मधली ग्रीस आपोआप बाजूला सरते. पण स्विचच्या आतल्या ज्या पॉइंटवर ठिणगी पडते, लाईटचा किंवा सेल्फचा, तिथे सिलिकॉनची ग्रीस लावू नका, ठिणगीने तिचा कडक थर होतो आणि काही महिन्यांनी कॉन्टॅक्ट लागेनासा होतो. तिथे साध्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पुसट हात पुरतो. काम झाल्यावर लाईट चालू ठेवून स्विचच्या आत-बाहेरच्या दोन वायरींमधला व्होल्टेज मोजा, ०.२ व्होल्टच्या आत असेल तर पॉइंट चांगले आहेत.

तुम्ही कधी मशीन अलिबाग, नागावकडे समुद्रावर नेत असाल तर सगळे हिशोब बदलतात. समुद्राचं पाणी साध्या पाण्याच्या शंभरपट तरी करंट वाहून नेतं, आणि सुकल्यावर मीठ आतच राहतं. ते मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे आठ दिवसांनी घरी उभी असलेली मशीन पण बिघडते, आणि आपण म्हणतो पाण्यात तर नेलीच नाही. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, बादली आणि मग्याने. प्रेशर पंप हँडलवर मारू नका, ह्या बाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही. अगदी आयपी ६७ लिहिलेला स्विच सुद्धा मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवायच्या टेस्टचा असतो, पंपाच्या धारेची टेस्ट वेगळी असते. तापलेल्या मशीनवर गार पाण्याचा फवारा म्हणजे वर सांगितलं ते हवा आकसायचं गणित पुन्हा.

नंतर बसवलेल्या गोष्टी हा वेगळाच विषय आहे. एलईडी बार, मोबाईल चार्जर, विंचचा स्विच, सगळं हँडलवर आणि सगळं एकाच लाल वायरीला पिळून जोडलेलं. १२० वॉटचा बार म्हणजे १० अँपिअर, ते हँडलच्या छोट्या स्विचमधून नेलेत तर स्विच वितळणारच. रिले लावा. बॅटरीपासून जमेल तितक्या जवळ फ्यूज, तिथून ३० नंबरच्या पिनला प्लस, ८७ वरून बारला, ८६ ला हँडलचा स्विच, ८५ अर्थ. आता हँडलवर फक्त रिलेच्या कॉइलचा करंट, एक अँपिअरच्या पण खूप खाली. मी तर मूळ हेडलाईट पण रिलेवर घेतो. दोन ३५ वॉटचे बल्ब म्हणजे जवळपास ६ अँपिअर, ते पण हँडलवरून काढून टाकायचे, आणि हँडलकडे जाणाऱ्या प्लसला वेगळा ५ अँपिअरचा फ्यूज द्यायचा. असं केलं की उद्या जंगलात हँडलला शॉर्ट झालाच तर तो छोटा फ्यूज उडेल, एसी सीडीआयचं इंजिन मात्र चालू राहील आणि रिलेवरच्या बारचा एक वेगळा स्विच डॅशवर ठेवला असेल तर उजेडात घरी पण याल. एक खबरदारी, किलच्या वायरीला चुकूनही प्लस देऊ नका, बाजारातला कारचा स्विच लावताना ही चूक होते आणि सीडीआय क्षणात जातो.

तुमच्या मशीन सोमवार ते शुक्रवार नुसत्या उभ्या असतात, म्हणून शेवटचं. लाल वायर स्विचपर्यंत कायम जिवंत असेल तर ओलसर बॉक्समध्ये करंटमुळे प्लसचीच पिन खाल्ली जाते, गाडी न चालवता. कपलर उघडलात की एकच पिन हिरव्या पावडरने संपलेली आणि शेजारची चकचकीत दिसेल, ती ह्यामुळेच. बॅटरीच्या मायनसला फिरवायचा कट ऑफ स्विच लावा आणि रविवारी निघताना बंद करून जा. उंदरांना पण पावसात कोरडी उबदार जागा हवी असते, पुढच्या प्लॅस्टिकखाली त्यांचं घर होतं, शनिवारी चावी लावायच्या आधी तिथे टॉर्च मारा.

ह्या शनिवारी एवढंच करा: १५ चा फ्यूज परत, पहिल्या मशीनला २१ वॉटचा बल्ब लावून हँडल डावीकडे, दुसरीचा किलचा कपलर काढून मीटर. बल्ब नेमका कुठे हात लावल्यावर पेटला आणि मीटरने किती किलोओहम दाखवले ते लिहून ठेवा, आणि पुढचं प्लॅस्टिक काढल्यावर स्टिअरिंगच्या दांड्याजवळचा एक स्वच्छ फोटो, एक डाव्या लॉकला आणि एक उजव्या लॉकला, मला पाठवा. वायर कुठून फिरवायची ते त्यावर खूण करून सांगतो.